खोबरेल तेलाच्या पैशातून मनाची मशागत

डिसेंबर उजाडला की आपल्या निफाडचे नाव साऱ्या महाराष्ट्रात गाजू लागते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती खाली आला, हे मुंबई-पुण्याची माणसेही सकाळी चहा पिताना वाचतात. इकडे द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटतात, पहाटे ठिबकचे पाणी सोडले जाते, आणि घरोघरी एक बारीकसा प्रसंग रोज घडतो. शाळेला निघालेल्या नातीच्या वेण्या घालायला आजी खोबरेल तेलाची बाटली उलटी करते, पण थेंब पडत नाही. तेल थिजून दगड झालेले असते. मग आजी ती बाटली बंबाजवळ ठेवते, नाहीतर ओट्यावरच्या उन्हात. थोड्या वेळाने तेल आपसूक सुटते.

खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजते, एवढेच त्यामागचे शास्त्र. पण वाचकहो, आज आपल्याला बोलायचे आहे ते केसांविषयी नव्हे, मनाविषयी. सुरुवात तेलाच्या बाटलीपासून केली याला कारण आहे. आपल्या फळीवर असणाऱ्या त्या निळ्या बाटलीच्या धंद्यातून जे उद्योगपती मोठे झाले, त्यांनी आपल्या संपत्तीतला एक वाटा मानसिक आरोग्याच्या कामासाठी काढून ठेवला. त्या पैशातून जी कामे वाढली, त्यांतल्या एका कामाचे बी आपल्याच नाशिक जिल्ह्यात, पेठ तालुक्यात पेरले गेले होते. हे निफाडकरांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

मिऱ्यांचे व्यापारी ते तेलाचे कारखानदार

मारिवाला हे मूळचे कच्छचे, मुंबईत येऊन स्थिरावलेले व्यापारी घराणे. गुजरातीत मिऱ्याला ‘मरी’ म्हणतात. मिऱ्याचा व्यापार करणारे म्हणून ते मारिवाला झाले. पुढे या घराण्याने ‘बॉम्बे ऑइल इंडस्ट्रीज’ ही तेलाची कंपनी चालवली. हर्ष मारिवाला १९७१ साली या घरच्या धंद्यात आले. त्या काळी खोबरेल तेल मोठ्या डब्यांतून यायचे आणि दुकानदार ते मापाने द्यायचा. ‘पॅराशूट’ तेल लहान बाटल्यांतून घरोघरी पोहोचवण्याचे काम त्यांनी केले. पत्र्याच्या डब्याऐवजी प्लॅस्टिकची बाटली आणायची म्हटले तेव्हा दुकानदार कुरकुरले, कारण तेलाच्या वासाने उंदीर प्लॅस्टिक कुरतडतात. तेव्हा उंदराच्या दातांना कोपरा मिळू नये म्हणून बाटली गोल केली गेली, अशी त्या धंद्यातली गोष्ट सांगतात.

१९९० पासून ‘मॅरिको’ ही वेगळी कंपनी कामाला लागली. पॅराशूटबरोबर केसांना लावायचे लिव्हॉन, तरुण मुलांचे सेट वेट अशी प्रसाधनेही तिने पुढे विकली. २००२ साली त्वचेच्या निगेसाठी ‘काया’ नावाचे दवाखाने सुरू झाले. थोडक्यात, माणसाच्या बाहेरच्या रूपाची निगा राखण्याचा हा व्यवसाय.

२०१५ साली हर्ष मारिवाला यांनी ‘मारिवाला हेल्थ इनिशिएटिव्ह’ ही संस्था सुरू केली. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थांना पैसा आणि पाठबळ देणे हे तिचे काम. राज मारिवाला यांनी संस्थेची धुरा सांभाळली. इथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. हे दान हर्ष मारिवाला यांचे वैयक्तिक आहे, मॅरिको कंपनीच्या खात्यातले नव्हे. कंपन्यांना सामाजिक कामावर खर्च करायला लावणारा कायदा वेगळा आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे, १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामासाठी खर्च करावी लागते. ते झाले कायद्याचे देणे. स्वतःच्या खिशातून काढून देणे ही निराळी गोष्ट.

मनाच्या कामाला पैसा मिळणे इतके अवघड का असते? दानशूर माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. निफाड तालुक्यात शाळेच्या खोल्या, मंदिराचे सभामंडप, दवाखान्यातले पलंग लोकवर्गणीतून आणि देणग्यांतून उभे राहिलेले आपण पाहतो. त्यावर देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी लागते. मनाच्या कामात पाटी लावायला भिंतच नसते. पैसा जातो माणसाला शिकवण्यात, त्याच्या प्रवासखर्चात, फोनवर बसणाऱ्या समुपदेशकाच्या पगारात. वर्षभराने देणगीदाराला दाखवायचे काय, तर ‘अमुक इतकी माणसे पुन्हा कामाला लागली.’ म्हणून हा पैसा दुर्मिळ असतो.

दुखते डोके, बिनसते मन

आपल्या तालुक्यातल्या कोणत्याही डॉक्टरला विचारा. ‘डोके जड राहते’, ‘छातीत धडधडते’, ‘झोप लागत नाही’, ‘जेवणावर वासना नाही’, ‘अंगात कणकण वाटते पण ताप नाही’, अशा तक्रारी घेऊन येणारी माणसे रोज असतात. रक्त, लघवी तपासली, छातीची पट्टी काढली तरी काही सापडत नाही. शक्तीची सुई, सलाईन घेऊन माणूस घरी जातो आणि आठ दिवसांनी परत येतो. यांतल्या कित्येकांचे दुखणे शरीराचे नसून मनाचे असते. उदासीनता, अतिचिंता यांना वैद्यकात सर्वसामान्य मनोविकार म्हणतात. ‘वेड’ ह्या शब्दाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. सर्दी-पडशासारखे ते कोणालाही होऊ शकतात.

बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत मोठी पाहणी केली. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता, पण शेजारचे गुजरात आणि मध्य प्रदेश होते. पाहणीत असे दिसले, की दर १०० प्रौढांपैकी सुमारे १० ते ११ जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे, निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के माणसांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते.

निफाडला हे आकडे परके वाटण्याचे कारण नाही. आपला तालुका गोदाकाठचा, बागायती. लासलगावचा कांदा, पिंपळगावची द्राक्षे. बाहेरच्या माणसाला वाटते, इथे पैसाच पैसा. पण एकरी लाखांचा खर्च बागेत आधी घालावा लागतो आणि मग आभाळाकडे पाहत बसावे लागते. २६ नोव्हेंबर २०२३ च्या अवकाळी पावसाने आणि गारपिटीने एका संध्याकाळी कितीतरी बागांची राख केली. त्यातून सावरतो न सावरतो तोच ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्यावर निर्यातबंदी आली, ती पुढच्या मे महिन्यापर्यंत राहिली. कधी व्यापारी माल उचलून पैसे न देताच पसार होतो. सोसायटीचे कर्ज, मुलीचे लग्न, मुलाची फी, सगळे त्याच एका हंगामावर टांगलेले असते. गड्याने बोलावे कोणाशी? पारावर बोलले तर चारचौघांत पत जाते. बायकोशी बोलले तर ती घाबरते. बायकोला स्वतःला काही होत असेल तर ते ऐकायला तर कोणीच नसते. मग दुखणे डोक्यात, छातीत, पोटात उतरते, नाहीतर बाटलीत बुडते.

पेठने घालून दिलेला धडा

नाशिकच्या पूर्वेला आपण, पश्चिमेला पेठ. घाटमाथ्याचा, आदिवासी वस्तीचा, भात-नागलीचा तालुका. आपल्याकडचे लोक त्याला मागासलेला म्हणतात. मनाच्या आरोग्याच्या बाबतीत मात्र या तालुक्याने दहा वर्षांपूर्वीच धडा घालून दिला.

पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीचे मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्र आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. सौमित्र पाठारे हे त्याचे प्रमुख. या केंद्राने २०१३ ते २०१५ या काळात पेठ तालुक्यातल्या ४१ गावांत ‘आत्मीयता’ नावाचा प्रयोग केला. त्यासाठीचा पैसा कॅनडातल्या एका संस्थेकडून आला होता. प्रश्न साधा होता. मनोविकारतज्ज्ञ काही गावोगावी येणार नाहीत, मग गावातल्याच माणसांना शिकवून काही करता येईल का?

बचतगटांतल्या आणि शेतकरी मंडळांतल्या, गावाचा विश्वास असलेल्या स्त्री-पुरुषांमधून दोन प्रकारचे स्वयंसेवक तयार केले गेले. पहिले ‘आत्मीयता मित्र’. त्यांचे काम डोळे उघडे ठेवण्याचे. कोणाचे घराबाहेर पडणे बंद झाले, कोण अबोल झाले, कोणाच्या घरात रोज भांडण आहे, हे ओळखायचे आणि पुढे सांगायचे. दुसरे ‘चॅम्पियन’, म्हणजे गावचे जाणते. त्यांना अधिक शिक्षण मिळे. ते त्या व्यक्तीला चार ते सहा वेळा भेटत. फोनवर छोटे चित्रपट दाखवत. त्यांत आपल्यासारख्याच घरांतल्या गोष्टी असत. दारू, बेकारी, नवरा-बायकोचे भांडण, घरातली मारहाण. तीन-चार माणसे एकत्र बसून असा चित्रपट पाहत आणि मग ‘आमच्याकडे पण असेच आहे’ म्हणत एखाद्याचे तोंड उघडे.

चॅम्पियन करत काय, हे नीट समजून घेऊ, कारण त्यात जादू काहीच नाही. तीन गोष्टी आहेत.

पहिली, ऐकून घेणे. मध्ये न बोलता, ‘तू असे करायला नको होतेस’ असे न म्हणता, लगेच सल्ला न देता ऐकणे. ऐकायला सोपे वाटते, पण घरी आज रात्री करून पाहा. दोन मिनिटांत आपले तोंड उघडते.

दुसरी, बंद पडलेला माणूस हळूहळू हालता करणे. उदास माणूस म्हणतो, ‘बरे वाटले की बागेत जाईन.’ शास्त्र सांगते की हे उलट आहे. आधी थोडे हालायचे, मग बरे वाटू लागते. समजा, गारपिटीनंतर एक शेतकरी पंधरा दिवस बागेत गेलेला नाही. त्याला ‘ऊठ, सगळी बाग सावर’ म्हणून उपयोग नाही. उद्या सकाळी फक्त बांधापर्यंत चालत जायचे आणि परत यायचे, एवढेच ठरवायचे. परवा एक ओळ फिरायची. त्याच्या पुढच्या दिवशी पूर्वी आवडायचे असे एक काम करायचे, मग ते भजनाला जाणे असो की गाईच्या पाठीवरून हात फिरवणे.

तिसरी, अडचणीची फोड करणे. ‘कर्ज’ हा एकच शब्द डोंगराएवढा दिसतो. कागद घ्यावा, कोणाचे किती, कोणते आज द्यायचे, कोणते थांबू शकते, पीकविम्याचा अर्ज केला का, पंचनामा झाला का, कोणत्या सरकारी योजनेत बसतो, हे एकेका ओळीत लिहावे. मग डोंगराचे दगड होतात आणि एकेक दगड हलवता येतो. पेठेतले चॅम्पियन लोकांना सरकारी योजनांचे अर्ज भरून देण्यापर्यंत मदत करत, कारण पोटाचा प्रश्न बाजूला ठेवून मनाचा सुटत नाही. आजार गंभीर दिसला तर मात्र ते स्वतः हात घालत नसत, सरकारी दवाखान्याची वाट दाखवत.

मेहसाण्याची ६४५ गावे

पेठेतला प्रयोग २०१५ मध्ये संपला. परदेशी मदतीचे असेच असते. मुदत भरली की पैसा थांबतो आणि चांगले कामही अहवालात गुंडाळले जाते. इथे तेलवाल्यांची मदत कामी आली. मारिवाला हेल्थ इनिशिएटिव्हच्या पाठबळावर हेच काम गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात कितीतरी मोठ्या प्रमाणावर उभे राहिले.

तिथे ६४५ गावांत त्याची रीतसर शास्त्रीय चाचणी घेण्यात आली. पद्धत आपल्याला सहज समजेल अशी आहे. कालव्याच्या पाण्याची जशी पाळी लागते तशी गावांची पाळी लावली. काही गावांत काम आधी सुरू झाले, काहींत नंतर. ज्या गावांची पाळी यायची होती, त्यांच्याशी पाळी आलेल्या गावांची तुलना केली. निष्कर्ष असा निघाला, की गावातल्या शिकवून तयार केलेल्या माणसाशी बोललेल्यांपैकी अधिक जण तीन महिन्यांनी बरे झालेले होते, आणि आठ महिन्यांनीही तो गुण टिकून होता.

ही बाब साधी समजू नये. या माणसांपाशी पदवी नव्हती, औषधे नव्हती. होते ते थोडे शिक्षण आणि मागे उभा असलेला जाणकार. पण ते शिक्षण द्यायला, तो जाणकार उभा करायला आणि वर्षानुवर्षे टिकवायला पैसा लागतो. देणगीचे खरे काम ते.

मारिवाला संस्थेने इतरही कामांना हात दिला. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये ‘आयकॉल’ ही फोनवरून समुपदेशनाची सेवा सुरू केली, तिला मदत मिळाली. पुण्यात भार्गवी दवर यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेला बापू ट्रस्ट वस्त्यांमधून मनाच्या आरोग्याचे काम करत आला, त्यालाही मदत मिळाली. या सर्वांत एक सूत्र दिसते. मनाचे दुखणे केवळ मेंदूतल्या रसायनांचे नसते. गरिबी, जात, बाईपण, घरातली मारहाण, शेजाऱ्यांची हेटाळणी यांचाही त्यात वाटा असतो. म्हणून इलाजही दवाखान्यापुरता ठेवून चालत नाही.

आरसा विकणारे आणि मन सांभाळणारे

सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यातून मनाच्या कामाला पैसा, हा प्रकार जगात अलीकडे वाढला आहे. अमेरिकन गायिका-अभिनेत्री सेलेना गोमेझ हिने २०२० मध्ये ‘रेअर ब्यूटी’ नावाची कंपनी सुरू केली. आपल्याला द्विध्रुवीय मनोविकार असल्याचे तिने त्याच वर्षी उघडपणे सांगितले होते. कंपनीच्या विक्रीतला १ टक्का मानसिक आरोग्याच्या निधीत टाकायचा आणि दहा वर्षांत १० कोटी डॉलर उभे करायचे, असा तिने संकल्प सोडला. ‘मेबलिन’ या जुन्या कंपनीनेही २०२० मध्येच चिंता आणि उदासीनतेने ग्रासलेल्यांसाठी मोहीम काढली.

इथे सुजाण वाचकाच्या मनात प्रश्न येईल, आणि तो यावाच. ज्या धंद्याने वर्षानुवर्षे मुलींना सांगितले की तू काळी आहेस, तुझे केस राठ आहेत, म्हणून तुला स्थळ येत नाही, नोकरी मिळत नाही, त्याच धंद्याने आता मनाची काळजी घ्यावी? आधी काटा टोचायचा आणि मग मलम लावायचे? हा आक्षेप खोटा नाही. आपल्याकडे गोऱ्या रंगाच्या मलमाच्या जाहिराती पाहत दोन पिढ्या वाढल्या. १९७५ पासून विकल्या गेलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ व्हायला २०२० साल उजाडावे लागले. आपल्या घरातली सावळी मुलगी आरशासमोर उभी राहून गाल घासत असेल, तर तिच्या मनावरचा तो ओरखडा कोणत्याही देणगीने पुसला जाणार नाही. तो आईबापांनी आणि शेजाऱ्यांनीच पुसायचा आहे. ‘रंग उजळला की बघू’ हे वाक्य पाहण्याच्या कार्यक्रमातून हद्दपार करणे, हेही मानसिक आरोग्याचेच काम आहे.

म्हणून कोणत्याही कंपनीने वा धनिकाने मनाच्या कामाला दान दिले असे वाचले, की हुरळून जाऊ नये आणि नाकही मुरडू नये. चार प्रश्न विचारावेत. पैसा एका दिवसाच्या कार्यक्रमाला आणि फलकाला दिला, की वर्षानुवर्षे चालणाऱ्या कामाला? काम करणारी संस्था त्या विषयातली जाणती आहे का? झालेल्या कामाचा गुण कोणी त्रयस्थाने तपासला का? आणि चौथा, दान देणाऱ्याचा स्वतःचा धंदा त्याच दुखण्यात भर तर घालत नाही ना? मेहसाण्याचे काम पहिल्या तीन कसोट्यांना उतरते. चौथा प्रश्न मात्र या धंद्यातल्या प्रत्येकाला, प्रत्येक नव्या जाहिरातीच्या वेळी, पुन्हा विचारत राहिला पाहिजे.

आपण निफाडकरांनी काय करावे?

कोणा उद्योगपतीचा पैसा येण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आज हाताशी काय आहे ते पाहू.

एक, फोन. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली. क्रमांक १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीतून. नाव सांगितलेच पाहिजे असे नाही. स्वतःसाठी करता येतो तसा घरच्या माणसाची काळजी वाटते म्हणूनही करता येतो. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, दूध संकलन केंद्रावर आणि कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर लिहून ठेवावा.

दोन, दवाखाना. सरकारचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात चालू आहे. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातून त्याची माहिती मिळते. आपल्या आशाताईंना विचारावे, त्या वाट दाखवतील. मनोविकाराच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तितके दिवस घ्याव्यात, बरे वाटले म्हणून मधेच सोडू नयेत. देवर्षी, भगत, गंडे-दोरे यांत महिने घालवू नयेत.

तीन, कायदा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे हा कायदा धरून चालतो आणि तिची काळजी घेणे ही सरकारची जबाबदारी मानतो. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरवणारे जुने ३०९ कलम नाही. म्हणून पोलिसांच्या भीतीने असा माणूस घरात दडवून ठेवू नये, तातडीने दवाखान्यात न्यावा. आरोग्य विम्यातही मानसिक आजाराला शरीराच्या आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे, असे हाच कायदा सांगतो.

चार, फवारणीची औषधे. आपल्याकडे द्राक्षांमुळे घराघरांत ती असतात. ती माजघरात, खाटेखाली ठेवू नयेत. शेतातल्या खोलीत कुलपात ठेवावीत आणि घरात कोणी खचलेले असेल तर किल्ली दुसऱ्याकडे असावी. मनात येणारा टोकाचा विचार हा बहुधा काही वेळापुरता असतो. तेवढा वेळ टळला तर माणूस वाचतो, आणि वाचलेले बहुतेक जण पुढे जगतात. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशके बंद करत नेली आणि तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण पुढच्या वीस वर्षांत निम्म्याहून कितीतरी खाली आले. तिथल्या शेतकऱ्यांची दुःखे काही संपली नव्हती. विष तेवढे हाताशी राहिले नव्हते.

पाच, आणि सर्वांत महत्त्वाचे, कान. कोणी ‘आता माझा काही उपयोग नाही’, ‘माझ्यामागे पोरांना सांभाळा’ असे बोलू लागला, उधार-उसनवारी मिटवून जिवाभावाच्या वस्तू वाटू लागला, तर ‘येडा झालास का?’ म्हणून हसण्यावारी नेऊ नये. शेजारी बसावे आणि सरळ विचारावे, ‘भाऊ, जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात घुसतो ही समजूत चुकीची आहे. उलट विचारणारा कोणी आहे, या जाणिवेने माणूस मोकळा होतो. मग त्याला एकटे सोडू नये, १४४१६ ला फोन लावावा आणि डॉक्टरांकडे घेऊन जावे.

पेठेतल्या ४१ गावांत बचतगटाच्या बायकांना आणि शेतकरी मंडळाच्या गड्यांना हे जमले. आपल्याकडे बचतगट कमी नाहीत, द्राक्ष बागायतदारांच्या बैठका रोज कुठे ना कुठे भरतात. डाऊनी कसा ओळखावा, याचे शिक्षण त्या बैठकांत मिळते. पानावर पहिला डाग दिसताच आपण धावतो. घरातल्या माणसावर पडलेला पहिला डाग ओळखण्याचे शिक्षण त्याच बैठकीत अर्धा तास दिले तर? पुढच्या ग्रामसभेत एवढा एक विषय मांडून पाहावा. पुण्या-नाशिकचे जाणकार बोलावले तर येतील. पण आधी बोलावणारे गाव हवे.

या थंडीत आजी बंबाजवळ बाटली ठेवील तेव्हा वाचकांनी एक गोष्ट आठवावी. थिजलेले तेल आपटून सुटत नाही, आणि टोकरून काढायला गेले तर बाटली फुटते. थोडा वेळ उबेला ठेवले की ते वाहू लागते. आपल्या घरात, आपल्या आळीत असे थिजलेले कोण आहे? आज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसावे.